ताटांचा क्लास

"माझ्या नावानं माफी मागाले तुले कोणं सांगतलं होतं?" छायानं पुन्हा तेच विचारलं.

कुलदीपनंही पुन्हा तेच उत्तर दिलं, की विषय मिटवायचा होता आणि तो मिटला. तो बैठकीतल्या नव्या बाकावर बसला होता. बाकाच्या पायांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. समोरच्या खुर्चीत त्याचे वडील जीवन, दाराजवळच्या पलंगावर आजोबा अर्जुनराव, आणि आतल्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून आजी सोजराबाई. चहा होऊन गेला होता आणि कपबशा जिथल्या तिथं पडल्या होत्या. त्या उचलायला म्हणून छाया ट्रे घेऊन बाहेर आली होती आणि ट्रे हातात धरूनच उभी राहिली होती.

"मिटला म्हणजे कसा मिटला? चूक माही होती का?"

"कोणाची चूक होती हा प्रश्नच नाही, आई. पालकांच्या भावना दुखावल्या होत्या. आपण संस्थेतर्फे दिलगिरी व्यक्त केली. एवढंच." कुलदीप रागावला की पुण्याहून शिकून आलेलं मराठी बोलायचा. फारच रागावला की ते गळून पडायचं आणि घरची बोली वर यायची. अजून तो पहिल्याच पायरीवर होता.

"संस्था कोण? मीच ना? 'माझ्या आईकडून चूक झाली, यापुढे विद्यार्थ्यांकडून अशी कामं करून घेतली जाणार नाहीत.' हे तू पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. मी आत भाकरी टाकून राह्यली होती आन तू अथीसा बसून लिहून राह्यला होता. दोन पावलावर होती मी. इचारलं मले?"

जीवन मध्ये पडला. म्हणाला, पोरगं जे करते ते चांगल्यासाठीच करते, झालं ते झालं, आता पुढचं पाहा. जीवनला नेहमी पुढचंच पाहायचं असे. लग्न झाल्यापासून छायानं हे ऐकलं होतं. मागं वळून पाहिलं की कोणीतरी उत्तर मागतं, आणि उत्तर द्यायचं म्हटलं की जीवनला शेतात काहीतरी काम आठवे.

माफी कशाची होती, हे कळायला आधी क्लास कळायला हवा.

मोताळ्यात छायाच्या शिकवणीला शिकवणी कोणी म्हणत नसे. 'ताटांचा क्लास' म्हणत. शाळा सुटली की गल्लीतली आणि पलीकडच्या वस्तीतली मुलं-मुली घराच्या मागच्या ओट्यावर जमायची. प्रत्येकाच्या पाठीला दप्तर आणि हातात एक ताट. कोणाच्या ताटात मेथीची जुडी, कोणाच्या गवार, कोणाच्या तुरीची डाळ, कोणाच्या लसूण. ज्याचं ताट त्याच्या घरचं. दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही आणि बाईंच्या घरचं काही निवडायचं नाही, हा छायाचा नियम पहिल्यापासूनचा. हात निवडत असायचे आणि तोंडं इंग्रजी बोलत असायची. दिवेलागणीला निवडलेलं ताट घेऊन मूल घरी जायचं, आणि काड्या-देठं मागच्या म्हशीपुढे पडायची.

ही पद्धत छायानं कुठल्या पुस्तकातून काढली नव्हती. तिचं माहेर वडनेर भोलजी. लग्न होऊन मोताळ्याला आली तेव्हा बारावी झालेली, आणि इंग्रजी घेऊन बी. ए. करायचं डोक्यात बसलेलं. घरात राहून मुक्त विद्यापीठातून करते म्हणाली. सासरे काही बोलले नाहीत. नवरा म्हणाला, आईला विचार. सोजराबाईंनी एकच अट घातली. "हात रिकामे दिसले नाई पाह्यजे. तोंडानं काय करायचं ते कर." छायानं ती अट मनापासून पाळली. तांदूळ निवडताना, शेंगा फोडताना, कपाशीत ओटी बांधून बोंडातला कापूस ओढताना तिचं तोंड चालू असायचं. शेजारच्या ओळीतल्या बाया सुरुवातीला म्हणायच्या, जीवनची बायको मंतर टाकून राह्यली. तिच्या मात्र लक्षात आलं, की हात कामात असला की शब्द पळून जात नाही. वही पुढ्यात घेऊन बसलं तर झोप येते, आणि हातात मेथी असली तर एकेका पानाबरोबर एकेक वाक्य जागेवर बसतं. बी. ए. झाली. सोजराबाईंनी पेढे वाटले आणि वाटताना प्रत्येकाला सांगितलं, की हिनं घरचं एकही काम सोडलं नाही. जणू पदवी कामाचीच होती.

मग शिकवणी सुरू झाली, तेव्हा आधी नुसती मुलंच आली. मुलगे. मुलींना विचारलं तर कोणाला गवार मोडायची असायची, कोणाला लसूण सोलायचा असायचा, कोणाची आई कपाशीत गेलेली असायची आणि डाळ निवडून ठेव म्हणून सांगून गेलेली असायची. छाया म्हणाली, "मंग ते घेऊन या. इथंच करा." मुली ताटं घेऊन आल्या. काही दिवस छायाला वाटलं, प्रश्न सुटला. मग एका संध्याकाळी तिनं नीट पाहिलं. मुलींच्या माना ताटात, आणि मुलगे मोकळ्या हातांनी मांडी घालून बसलेले. प्रश्न विचारला की मुलगा उत्तर द्यायचा, कारण मुलगी त्या वेळी खडा शोधत असायची. एक जण तर शेजारणीला म्हणाला, "तुहं होऊ दे आरामात, मी सांगतो तोवर."

दुसऱ्या दिवसापासून छायाचा दुसरा नियम लागू झाला. रिकाम्या हातानं कोणी यायचं नाही. कोणीही.

मुलगे आधी हसले. एक-दोघं यायचे बंद झाले. मग परीक्षेचे निकाल लागले आणि ते लसूण घेऊन परत आले. त्यांच्या आयांनी तोंडावर पदर धरून छायाला विचारलं, की बाई, तुमी केलं तरी काय, पोरगं घरी येऊन इचारते का उद्या कायची भाजी हाय. नंतर कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं. गावात जे रोज दिसतं त्याचं काही वाटत नाही.

यंदा छायानं 'पिक' हे क्रियापद धरलं होतं. तिनं एक क्रियापद घेतलं की ते लवकर सुटत नसे. कपाशीच्या पहिल्या वेचणीला धरलं ते तुरीच्या शेंगा भरल्या तरी चालूच. पहिल्या दिवशी 'पीक म्हणजे सोयाबीन' म्हणून सगळ्यांनी हसून घेतलं, आणि मग कामाला सुरुवात झाली. कापूस वेचणं, पिक. फूल तोडणं, पिक. देठावरून मेथीचं पान खुडणं, पिक ऑफ. ताटभर डाळ निवडणं, पिक ओव्हर, आणि तिच्यातला खडा हेरून बाहेर काढणं, पिक आउट. सांडलेलं उचललं तर पिक अप. मोटारसायकल घेऊन कोणाला स्टँडवर आणायला गेलं तरी पिक अप. आणि कोणी समोर बसवून न शिकवता नुसत्या कानावरून बोली उचलली, तर तेही पिक अपच. जेवायला बसून घास चिवडत राहणं, पिक ॲट. भांडण उकरून काढणं, त्यालाही पिकच.

मुलांना इंग्रजांची कीव आली. जनकाबाईची मुलगी करिश्मा म्हणाली, "मॅडम, त्यायच्यापाशी येकच शब्द हाय का? आपल्या घरात त गवार मोडते, मेथी खुडते, डाळ निवडते आन कापूस येचते."

छाया म्हणाली, "शब्द येकच हाय, पण त्याच्या मांगं जो लहानसा शब्द उभा हाय तो पाह्यल्याबिगर अर्थ धरायचा नाही. सुनेकडं पाहून घर समजत नाही, मांगं कोण उभं हाय ते पाहा लागते." मुली हसल्या. मुलगे जरा उशिरा हसले.

'पिक ऑन' मात्र कोणाला लवकर उमगेना. अनेक जण दंगा करतात आणि मास्तर एकालाच धरतो, असं छायानं सांगून पाहिलं. करिश्मा ताटातली गवार मोडता मोडता थांबली. "आमच्या आजीवाणी. भाऊ घरीच असते, चुलतभाऊ घरीच असते, पण पाणी आन म्हणून मलेच सांगते." छाया म्हणाली, बरोबर, आता वाक्य कर. करिश्मानं वाक्य केलं, "माय ग्रँडमदर पिक्स ऑन मी." आणि ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू एवढी वर्षं अंगावर वागवलेल्या वस्तूचं नाव आज कळलं.

करिश्मा नववीत होती. पुढच्या वर्षी दहावी. जनकाबाई रोज दुसऱ्यांच्या कपाशीत जायची, घरी म्हातारी आणि धाकटी भावंडं. ताट नसतं तर करिश्मा क्लासात एक दिवसही आली नसती, हे छायाला माहीत होतं. आणि क्लासात असा कान दुसऱ्या कोणाचा नव्हता, हेही माहीत होतं.

कुलदीपला यातलं काही पटत नसे. पुण्याहून परत आल्यापासून त्याच्या डोक्यात अकॅडमी होती. बैठकीत बाक, भिंतीवर पडदा, पडद्यावर आठवड्याला शंभर क्रियापदं, प्रत्येकासमोर एक अर्थ, पाठ केलं की संपलं. "एकाच शब्दावर तीन-तीन महिने कोणी बसतं का?" तो विचारायचा. "आणि तू बोलतेस ती भाषा. मले, तुले. बाहेरचं कोणी ऐकलं तर हसेल." छाया म्हणायची, बाहेरचा कोणी शिकाले आला त त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलीन. बाक मात्र आले. आधी घरात वस्तू येत, मग छायाला विचारलं जाई. ही रीत जुनीच होती.

अशात कुलदीपचं लग्न जमलं. साखरखेर्ड्याची डिंपल. साक्षगंधाची बोलणी करायला तिच्याकडची माणसं अचानक यायची ठरली, आणि नेमकी त्या दिवशी छाया वडनेरला होती. तिच्या भावाचं, भागवतचं, डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती संध्याकाळपर्यंत येणार होती. येईपर्यंत पाहुण्यांच्या जेवणाची तयारी व्हायला हवी होती, आणि हंगामातला मान म्हणजे सोल्यांची, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी. शेतातून तुरीच्या हिरव्या शेंगा पाट्या भरून आल्या होत्या. त्या सोलायच्या कोणी?

छाया घरी आली तेव्हा सोले तयार होते. ओट्यावर टरफलांचा ढीग होता आणि मुलं मोठ्या उत्साहात सांगत होती, की मॅडम, तुमच्या घरच्या पावण्यासाठी आमी सगळ्यांनी सोलले. नियम मोडला होता. पण पाहुणे बैठकीत बसले होते, तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. तिनं भाजी फोडणीला टाकली. पाहुणे जेवले, भाजीची तारीफ झाली, साक्षगंधाचा दिवस ठरला.

कुलदीपनं मात्र मुलं शेंगा सोलतानाचा व्हिडिओ काढला होता. मुलं सोलता सोलता 'पिक अप', 'पिक आउट' म्हणत होती, ते त्याला छान वाटलं. अकॅडमीची जाहिरात होईल म्हणून त्यानं तो सगळीकडे टाकला.

मग रंगरावचा निरोप आला. रंगरावचा बाजारात धान्याचा व्यवहार, माणूस वजनदार, आणि त्याचा मुलगा हर्षल व्हिडिओत अगदी पुढे बसलेला, मांडीवर ताट घेऊन, भराभर शेंगा सोलणारा. रंगरावनं ग्रुपवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून पाठवलं. "पोराले इंग्रजी शिकाले पाठोलं होतं. बायकायचे कामं शिकाले नाही. तुमच्या घरी बाई नाही का सोलाले?" त्यावर आणखी दोघा-तिघांनी होकाराचे अंगठे टाकले. कोणीतरी लिहिलं, फुकटचे मजूर. व्हिडिओत हर्षलच्या दोन्ही बाजूंना मुली बसल्या होत्या, मागंही मुलीच होत्या. त्यांच्याबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही. इतकी वर्षं त्या ओट्यावर मुलींनी काय काय सोललं, निवडलं, खुडलं. तेव्हा कोणाच्या भावनेला ओरखडा आला नव्हता.

कुलदीपनं व्हिडिओ काढून टाकला आणि माफी लिहिली. सोबत नवीन नियमही लिहिला. मुलग्यांनी ताट आणू नये. मुलींच्या पालकांची तक्रार नसल्यामुळे मुलींसाठी ताट ऐच्छिक.

छायाला त्यानं एवढंच सांगितलं, की पालक तसं म्हणतात, काही दिवस तसं करू. छाया भावाच्या डोळ्याच्या काळजीत होती. बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुलगे बैठकीत बाकांवर बसले, पुढे पडदा, हात मोकळे. बैठकीत काड्या-देठं पडलेली बरी दिसत नाहीत, म्हणून ताटवाल्या मुली आतल्या दाराशी, जमिनीवर. छाया उंबऱ्यावर उभी राहून शिकवायला लागली. एक डोळा बाकांवर, एक डोळा दाराशी. प्रश्न विचारला की बाकावरून उत्तर यायचं. ओट्यावरची ती जुनी संध्याकाळ पुन्हा तिच्यासमोर येऊन बसली होती, या वेळी पायाखाली प्लॅस्टिक घालून. हर्षलनं जागेवरून मागं वळून करिश्माच्या ताटाकडे पाहिलं, आणि तो पहिल्यांदाच तिच्याकडे पाहून हसला. वाईट मुलगा नव्हता. त्याला कोणीतरी आताच सांगितलं होतं, की हे हसण्यासारखं आहे.

पुढच्या दिवशी करिश्मा ताट न घेता आली. मान खाली घालून बसली. त्याच्या पुढच्या दिवशी आलीच नाही.

आणि आज दुपारी जनकाबाई आली. कपाशीतून परस्पर, कमरेची ओटीही न सोडता. पाणी प्याली, बसली नाही. भांडायला आली नव्हती, सांगायला आली होती. "बाई, पोरगी आता येणार नाही. तिचं शिकणं त्या ताटाच्या जोरावर चालू होतं. आता ताट नेलं त लाज वाटते म्हणते, पोट्टे बाकावर आन आमी दाराशी. आन ताट नाही नेलं त घरचं करन कोण? मी अंधार पडल्यावर येते."

छाया म्हणाली, मी बोलते तिच्याशी.

"काय बोलसान?" जनकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुमीच त माफी मागतली म्हणते. चूक होती म्हणून लिहिलं ना तुमी. लेकरायच्या हातात ताट देणं चूक होतं त मंग मी माह्या पोरीच्या हातात कोण्या तोंडानं देऊ? आन नाही देऊ त काय करू?"

माफी, हा शब्द छायानं तिथं पहिल्यांदा ऐकला. जनकाबाई गेल्यावर तिनं ग्रुप उघडून सगळं वाचलं. वाचून पुन्हा वाचलं. मग संध्याकाळचा चहा केला, कारण चहाची वेळ झाली होती, चौघांना दिला, आणि चहा पिऊन होईपर्यंत वाट पाहिली.

"करिश्मा बंद झाली," ती आता बैठकीत म्हणाली. "तुह्या माफीनं बंद झाली."

कुलदीप म्हणाला, एका मुलीसाठी आख्खा क्लास अडवून धरता येत नाही. रंगरावनं मुलगा काढला असता तर मागोमाग सगळेच गेले असते. शिवाय व्हिडिओ साखरखेर्ड्यापर्यंत पोचला होता. डिंपलच्या घरचे काय म्हणतील? आपल्या घरी मुलांना राबवतात? "तुझा क्लास, तुझी ताटं. लोक तुझ्याकडेच बोट दाखवणार. मी तुला वाचवलं, आई."

"मले वाचवलं."

"मग काय?"

"शेंगा सोलाले मी सांगतलं होतं का?"

अर्जुनरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. जीवननं खिशातून फोन काढला आणि काहीच आलेलं नसताना तो पाहू लागला.

"मी वडनेरले होती," छाया म्हणाली. "तिघं माणसं घरात होते. तिघायचे मिळून सहा हात. हात काही कोणाचे ऑपरेशनले गेले नव्हते."

"तसं नाही," जीवन म्हणाला. "पावणे यायचे होते, बैठक आवरायची होती. आईनंच लेकरायले सांगतलं असन. तिले काय माहीत नियम-बियम."

उंबऱ्याशी टेकलेल्या सोजराबाई आता सावरून बसल्या. त्यांची बोटं गेल्या दोन हिवाळ्यांपासून वळत नव्हती, शेंगेचं टोक त्यांच्यानं मोडलं जात नव्हतं. सुनेची बाजू घ्यायची त्यांना सवय नव्हती, आणि आताही त्या सुनेकडे पाहून बोलल्या नाहीत. मुलाकडे पाहून बोलल्या.

"माहं नाव कायले घेतं रे? मी पहिले तुमालेच म्हणलं होतं. अथीच बसले होते तिघं. म्हणलं, माह्याच्यानं होत नाही, जराक हात लावा. त कुलदीप म्हणला, आजी, आमी कायले, पाचाले लेकरं येतेच क्लासले, तेंच्या पुढं टाक, ते करून टाकतीन. तेंले सवयच हाय म्हणला. पाटीबी त्यानंच उचलून ओट्यावर नेली. आन मंग फोन घेऊन शुटिंग काढत बसला."

छायानं कुलदीपकडे पाहिलं.

तिला राग यायला हवा होता तो सासूचा. अट सासूनं घातली होती. हात रिकामे दिसता कामा नयेत ही ताकीद या घरात सासूनंच आणली होती. पण ती अट कोणासाठी होती आणि कोणासाठी नव्हती, हे आज इतक्या वर्षांनी तिला असं समोर मांडलेलं दिसलं, जसा ताटात पसरलेल्या डाळीत खडा दिसतो. तीन माणसं पाटीभर शेंगा समोर घेऊन बसली होती. पाहुणे त्यांचे येणार होते, सून त्यांची येणार होती, भाजी तेच खाणार होते. आणि त्यांना एकदाही वाटलं नाही, की शेंग उचलावी आणि सोलावी. त्यांना काय सुचलं, तर वाट पाहणं. बाई घरात नाही, तर दुसऱ्यांची लेकरं येतीलच. त्या लेकरांना हात चालवायला छायानं शिकवलं होतं, म्हणून ती उपयोगाची झाली होती. वर तोच मुलगा, पाटी उचलणारा, व्हिडिओ काढणारा, आईच्या नावानं माफी मागून मोकळा झाला होता, आणि माफी मागताना त्यानं मुलींच्या हातात ताट ठेवलं होतं. ऐच्छिक.

"तू सांगतलं," छाया कुलदीपला म्हणाली. "पाटी तू नेली. शुटिंग तू काढली. आन 'माझ्या आईकडून चूक झाली', हे बी तूच लिहिलं."

"त मंग काय लिहू?" कुलदीपची पुण्याची भाषा गळून पडली. "मी सांगतलं म्हणून लिहू? माह्या लग्नाचं चालू हाय, अकॅडमीचं चालू हाय, लोक काय म्हणतीन मले? तुले काय फरक पडते? तुले त सगळे ओयखते, दोन दिवस बोलतीन आन इसरतीन."

"मले काय फरक पडते," छायानं त्याचे शब्द परत उच्चारले, जसे ती क्लासात एखादं चुकलेलं वाक्य परत उच्चारायची, ज्याचं त्याला ऐकू यावं म्हणून.

जीवन उठायला लागला. म्हणाला, गोठ्यात पाहून येतो.

"बसा," छाया म्हणाली. जीवन बसला. तिनं त्याला बसा म्हटलं होतं, आवाजही न चढवता, आणि तो बसला याचं त्यालाच नवल वाटलेलं दिसलं.

अर्जुनरावांनी घसा साफ केला. म्हणाले, सूनबाई, जाऊ दे आता, पोरगं चुकलं असन, घरातली गोष्ट घरात राहू दे.

"घरातली गोष्ट घरात राह्यली नाही ना, मामाजी. ती जनकाबाईच्या घरी गेली. तिच्या पोरीच्या शाळंपर्यंत गेली." छायानं हातातला ट्रे नव्या बाकावर ठेवला. रिकामाच. कपबशा जिथं होत्या तिथंच राहिल्या. "आता माहं ऐका. मी येकदाच सांगीन.

"हे बाक उद्या सकाळी अथून उचलायचे. कुलदीप, तुह्या अकॅडमीले जिथं जागा भेटन तथी ने. उद्यापासून ताटांचा क्लास या बैठकीत भरन, ओट्यावर नाही. सगळे खाली सतरंजीवर, पोट्टे बी आन पोट्ट्या बी, आन सगळ्यायच्या हातात ताट. रंगरावच्या पोराले यायचं असन त त्यानं ताट घेऊन यावं. नसन यायचं त रंगरावनं त्याले घरी शिकवावं.

"तू आत्ता त्या ग्रुपवर लिही. 'शेंगा सोलाले मी सांगतलं होतं, आई वडनेरले होती, माफी माही हाय, तिची नाही.' मी जनकाबाईच्या घरी चालली. करिश्माले उद्या ताट घेऊन ये म्हणून सांगते आन वापस येते. आल्यावर वाचीन काय लिहिलं ते.

"आन क्लास चालू असताना या बैठकीत रिकाम्या हातानं कोणी बसायचं नाही. क्लासातलं असो का घरातलं. बैठक तुमची हाय, बसायले मी नाही म्हणत नाही. पण बसायचं त ताट घेऊन बसायचं, त्या लेकरायच्या रांगेत. आत्याबाईचे बोटं वळत नाही, त्यायनं नुसतं बसावं. बाकीच्यायचे वळते."

ती चपला घालायला दाराशी गेली. दारातून ती वळली, कारण एक गोष्ट सांगायची राहिली होती.

"उद्या गवार हाय," ती म्हणाली. "कुलदीप आन त्याचे बाबा गवार मोडतीन. मामाजी, तुमाले बारीक दिसत नाही, तुमाले लसूण."